वहिनी सूप चांगलं वाजवतात

वैनी,

तुझ्या बाराव्याला दुपारची जेवणं उरकली आणि पडवीत आवराआवर सुरू झाली. तुझ्या कोपऱ्यातली मडकी, करवंट्यांची टोपली, बांबूच्या नळ्या, शिंपल्यांनी भरलेली रोवळी, असं सगळं वाडीतल्या बायकांनी ओढून मधे आणलं. त्यांतल्या एकीने दादाला विचारलं, "ह्या फेकूचा काय ठेवचा?"

दादा खांबाला टेकून बसला होता. मान वर न करता त्याने माझ्याकडे बोट केलं. "प्रकाशाक इचार. त्येचाच ता काम."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक मडकं उचललं. त्याच्या गळ्याशी गेरूची तीन बोटं ओढलेली होती. दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर एकच आडवी रेघ. ती खूण पाण्याच्या पातळीची, की कोणी कधी वाजवायचं त्याची, की आणखी कशाची, हे मला सांगता येईना. गेली नऊ वर्षं मी ह्याच विषयावर गावोगाव बोलतो आहे. लोक मला फुलं देतात, शाल देतात. आणि तुझं एक मडकं हातात घेऊन मी पाहुण्यासारखा उभा होतो.

"ठेवा," एवढंच म्हणालो.

तेवढ्यात फिलूबाय आली. पलीकडच्या वाडीतली तुझी मैत्रीण, तुझ्याबरोबर घागर वाजवणारी. तिने कोणाला काही विचारलं नाही. एकेक मडकं चिंध्यांत गुंडाळलं, हाऱ्यात भरलं, डोक्यावर घेतलं. माझ्यासमोरून जाताना थांबून म्हणाली, "तुमका ह्येचो काय उपेग नाय, मास्तरानू."

रागाने म्हणाली नाही. खरं तेच म्हणाली. तेव्हापासून हे लिहायचं मनात घोळतं आहे.

तू आमच्या घरी आलीस तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि स्वतःला तबलावादक समजत होतो. एसटीने कुडाळला जाऊन शिकायचो आणि घरी आलो की पडवीत बसून सगळ्यांचे कान किटवायचो. तू माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. पण दिराचा मान म्हणून तू मला 'भावजीनू, तुमी' म्हणायचीस आणि मी तुला सरळ 'गो वैनी'. शेवटपर्यंत ते तसंच राहिलं. लग्नात दादाने ताटातल्या तांदळांवर अंगठीने तुझं नवं नाव लिहिलं, सुहासिनी. आरोंद्याची सत्यभामा कुठे गेली, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. मला तर ते नाव तू गेल्यावर तुझ्या भावाच्या तोंडून पुन्हा ऐकू आलं. तो तुझ्या उशाशी बसून "सत्या, सत्या" करत होता आणि मला क्षणभर कळेना, हा कोणाला हाक मारतोय.

आरोंद्याला खाडीच्या काठाला तुमचं घर. वडील होडी चालवायचे. तू सांगायचीस, की घरात चुलीपुढे बसूनही बांधून ठेवलेल्या होडीच्या बुडाला पाणी कसं लागतंय त्यावरून तुला भरती किती चढली ते कळायचं. आई तुला विचारायची आणि मग जेवण वाढायला घ्यायची. आम्हाला ही गंमत वाटायची. आमच्या घरात कोणी कधी पाण्याला कान दिला नव्हता.

मग ती श्रावणातली दुपार. वानरांनी कौलं सरकवली होती आणि पडवी चार ठिकाणी गळत होती. दादा आंबोलीला गेलेला, कौलांवर चढायला कोणी नाही. तू गळतीखाली भांडी मांडलीस, एवढं मी पाहिलं आणि माझा तबल्याचा कायदा घोटत राहिलो. थोड्या वेळाने लक्षात आलं, की तू भांडी नुसती मांडत नव्हतीस. एक टोप उचलून त्यात दोन ओंजळी पाणी घालत होतीस. एकाच्या खाली फडकं दुमडून सरकवत होतीस. मधेच कान वाकडा करून थांबत होतीस. मग तू पितळी टोप काढून तिथे मातीचं भांडं ठेवलंस आणि तिथेच उकिडवी बसलीस.

"काय करतंस गो?"

"आयका वायच," तू म्हणालीस. "तुमचो हात थांबवा आणि आयका."

मी हात थांबवला. एक थेंब जलद पडत होता, एक रेंगाळत, बाकीचे दोन त्यांच्या त्यांच्या चालीने. पडत पडत ते चारही एका ठिकाणी येऊन मिळायचे आणि पुन्हा पांगायचे. मी विद्यार्थी. लगेच मात्रा मोजायला लागलो. मोजून हिशेब लागेना म्हणून वैतागून म्हणालो, "हो काय ताल नाय, वैनी."

"नाय तर नाय," तू म्हणालीस. "आयकूक बरां लागता मां?"

मी हसलो. पण त्या दुपारी मी तासभर त्या थेंबांबरोबर वाजवत बसलो आणि तू तांदूळ निवडत ऐकत बसलीस. माझे गुरुजी पुढच्या आठवड्यात म्हणाले, तुझ्या हातात काहीतरी बदललंय, कुठे शिकलास हे? मी म्हणालो, रियाज वाढवलाय. वैनी, खोटं बोलायची सुरुवात तिथेच झाली. अगदी लहानशी, कोणाच्या लक्षात न येणारी.

पुढे तू अंगणवाडीत लागलीस. मी मालवणच्या शाळेत संगीतशिक्षक झालो, तिथेच बिऱ्हाड केलं, आणि शनिवार-रविवार गावी यायला लागलो. अंगणवाडीत खेळणी म्हणजे दोन मोडक्या मोटारी. तू पोरांना धामापूरच्या तलावाच्या काठाला नेऊन डोळे मिटून बसवायचीस. नंतर विचारायचीस, काय काय ऐकलं? आणि जे ऐकलं ते हाताला मिळेल त्या वस्तूतून काढायला लावायचीस. पोफळीच्या विरीवर, झावळीच्या त्या रुंद सुक्या देठावर, नख ओढलं की बेडूक. बाटलीत शिंपले हलवले की पाणउतारावरचे खडे. एकदा एका मुलीने कोरड्या पानांच्या ढिगात फक्त बोट फिरवलं आणि तू म्हणालीस, "सरडो!" सगळी पोरं टाळ्या पिटायला लागली. मी दाराशी उभा होतो. माझ्या शाळेत चाळीस पोरं एका सुरात 'सा' लावत नव्हती आणि तुझ्या त्या पत्र्याच्या खोलीत तीन वर्षांची पोरं ऐकायला शिकली होती.

तुझं मोठं काम म्हणजे 'भरती-सुकती'. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात, हे मी आता बाहेरच्या वाचकांसाठी लिहितो. तुला ते कोणाला समजावावं लागलं नाही. भाताची लावणी आटपल्यावर दुपारी तुझ्या अंगणात आठ बायका जमायच्या. फिलूबाय घागर घेऊन, कोणी मुसळ घेऊन, कोणी रोवळीत तिसऱ्यांचे शिंपले घेऊन. तू सुपात वाळू घेऊन बसायचीस. सूप एका बाजूने दुसऱ्या बाजूला कलतं केलं, की वाळू अशी सरसरायची, की डोळे मिटले तर पायाखालून पाणी निघून जातंय असं वाटावं. मग चिखल उघडा पडल्याचे बुडबुडे, त्यावरून पळणाऱ्या कुर्ल्या, होडीचं बूड जमिनीला टेकल्याचा तो खरखरणारा आवाज. मुसळ दगडावर ओढून तो काढायचा, हे तुला सुचायला पावसाळा गेला. मग सगळं थांबायचं. आणि मग, अगदी लांबून, सुपातली वाळू उलट दिशेने.

त्या थांबण्यावरून आपलं भांडण होतं. तुला आठवत असेल. मी म्हणायचो, किती मात्रा थांबायचं ते ठरव. तू म्हणायचीस, "पाणी काय मोजून थांबता, भावजीनू?"

"अगो, पण आठ जणींका कळतला कसा, परत कधी सुरू करूचा?"

"कळता तेंका."

"कसा कळता?"

"तुमी बसा वायच थय, मगे कळतला."

मी कधी बसलो नाही. मला बाजूला उभं राहून सूचना द्यायची सवय लागली होती. ते भांडण आपण संपवलं नाही, आणि आता ते संपायचं राहून गेलं.

कणकवलीला एक सांस्कृतिक महोत्सव होता. माझ्या ओळखीतल्या एकाने विचारलं, काही वेगळं आहे का? मी म्हणालो, आहे. तुम्हा बायकांना विचारलं, तुम्ही हो म्हणालात. फिलूबायने नवीन साडी काढली. त्यांचा अर्ज आला, तो मी शाळेत स्टाफरूममध्ये बसून भरला. त्यात एक रकाना होता, संकल्पना आणि संगीत. मी माझं नाव लिहिलं. पुढे अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की तिथे माझं पेन थोडं थांबलं होतं. थांबलं नव्हतं, वैनी. सहज लिहून गेलो. बाजूला चहा होता, तो प्यालो.

कार्यक्रम दुपारचा होता. मी तुमच्या बाजूला तबला घेऊन बसलो आणि तुझं ते थांबणं आठ मात्रांचं केलं. लोक मधेच टाळ्या वाजवतील ही भीती. तू आदल्या दिवशीपर्यंत नको म्हणत होतीस, पण व्यासपीठावर मी मान हलवून इशारा केला तेव्हा तू मुकाट्याने सूप कलतं केलंस. टाळ्या खूप पडल्या. खाली उतरल्यावर एका टीव्ही वाहिनीची मुलगी माइक घेऊन आली आणि तिने विचारलं, "सर, ही कल्पना तुम्हाला कशी सुचली?"

मी बोलत राहिलो. निसर्ग, कोकण, श्रमाचं संगीत. काय काय बोललो. तेवढ्यात टेम्पो आल्याचं सांगायला तू मागून आलीस. काखेत सूप. मुलीने विचारलं, "ह्या कोण?"

"ह्या आमच्या वहिनी," मी म्हणालो. "सूप चांगलं वाजवतात."

तू माइककडे बघून नमस्कार केलास. सूप काखेतून सटकायला लागलं ते कोपराने दाबून धरलंस. ते चित्रण मी नंतर कितीदा बघितलं असेल. प्रत्येक वेळी तुझ्या चेहऱ्याकडे बघायचं टाळून त्या कोपराकडे बघितलं.

टेम्पोत बायका गात होत्या. तू मात्र फळीला टेकून बसली होतीस. कसालच्या वळणावर ऊन तिरपं झालं होतं. तेव्हा तू बोललीस.

"भावजीनू, एक इचारू?"

"इचार मां."

"तुमचा नाव कित्याक घातलास?"

"खंय?"

"तो माणूस माइकवर बोललो ता. संकल्पना, संगीत."

मला कळलं नाही असं नाही. मी हसून वेळ मारून न्यायला बघितलं. "अगो, तेंका कागदावर एक नाव लागता. कोणाचातरी घालूचाच लागता."

"मगे मोकळा सोडूचा होता."

"मोकळा सोडून चलणा नाय."

"माझा नको होता," तू म्हणालीस. "माका नावाची हौस नाय. पण तुमचा कित्याक?"

ह्या प्रश्नाला एक खरं उत्तर होतं, की मला हवं होतं म्हणून. शाळेत अठरा वर्षं प्रार्थनेची पेटी वाजवून मी कंटाळलो होतो. कोणीतरी मला कलावंत म्हणावं अशी भूक लागली होती. हे तुला सांगितलं असतं तर तू कदाचित हसून सोडून दिलं असतंस. मी ते सांगितलं नाही. मी म्हणालो, "बसवला कोणी ता? तालात कोणी आणला? नायतर ते नुसते आवाजच होते गो."

गाणारी एक बाई थांबली. फिलूबाय समोर बसली होती, तिने माझ्याकडे बघितलं आणि मग बाहेर बघायला लागली.

"व्हय," तू म्हणालीस. "आवाजच होते."

त्यावर तू कधी काही बोलली नाहीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. अबोलाही धरला नाहीस. मी शनिवारी आलो की बांगड्याचा मधला तुकडा माझ्याच ताटात पडायचा. माझ्या गुडघ्याला तेल गरम करून द्यायचीस. फक्त मी घरात असताना वाजवायच्या त्या वस्तूंना तुझा हात लागला नाही. आधी मला ते कळलंही नाही. मग एकदा विचारलं, "बायका जमणत नाय काय गो आता?" तू म्हणालीस, "जमतत कदीमदी." मग मी पाणंदीच्या तोंडाशीच मोटरसायकल बंद करून चालत यायला लागलो. वैनी, मी चोरून ऐकायला येत होतो. आगराच्या कुंपणापर्यंत यायचो, आतून घागरीचा, बांबूचा आवाज यायचा. नवीन काहीतरी चाललेलं असायचं. आणि मी आणखी दोन पावलं टाकली की थांबायचं. सुक्या पानांवरची माझी चाल तुला ओळखू यायची. तुझ्यासारखा कान असलेल्या माणसापासून मी लपणार होतो!

इकडे माझं नाव होत गेलं. 'भरती-सुकती' मी शाळेतल्या मुलांकडून बसवून घेतली. रत्नागिरी, सांगली, पुणे. शिक्षकांच्या कार्यशाळा सुरू झाल्या. लोक विचारायचे, हे कुठून आलं? मला गोष्ट लागायची. म्हणून मी ती गळणारी पडवी सांगायला लागलो. वानरं, सरकलेली कौलं, खाली भांडी मांडणारा मी. आधी 'आमच्या घरात मांडली' असं म्हणायचो, मग 'मी मांडली' असं कधी झालं ते कळलं नाही. कोणीतरी त्याचा व्हिडिओ केला, तो खूप फिरला.

तू तो पाहिला होतास, हे मला तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी दादाने सांगितलं. आम्ही दोघे ओट्यावर बसलो होतो. दादाला ह्या सगळ्यात काही कळत नाही असं मी धरून चाललो होतो.

"तिना माका फोनवर दाखवल्यान तुझा ता," तो म्हणाला. "पाच टोपां म्हणालस मां तू? ती हसली. म्हणता, पाच नाय, चार होती. पाचवां खयसून इला?"

"आणि?"

"आणि काय? फोन बंद केल्यान. माका भाकरी वाढल्यान."

दादा माझ्याकडे न बघता बोलत होता. मग त्यानेच विचारलं, "चार होती काय रे?"

"चार होती," मी म्हणालो.

 तो उठून गुरांना पाणी दाखवायला गेला.

आजार कळला तोपर्यंत उशीर झालेला होता. गोव्याच्या हॉस्पिटलात तुला ठेवलं तेव्हा दादा आणि मी आळीपाळीने बसायचो. एका दुपारी मी एकटाच होतो. वॉर्डात सगळे पेंगत होते. जेवणाची ट्रॉली लांबून येत होती, तिचं एक चाक कुरकुरायचं आणि प्रत्येक फेऱ्याला फरशीच्या सांध्यावर टक् करायचं. वर पंख्याचं एक पातं कुठेतरी घासत होतं. मी पाहिलं तर तुझं बोट खाटेच्या कडेवर हलत होतं. चाक आणि पंखा यांच्या मधल्या जागेत तू हलकेच वाजवत होतीस. मी पाहतोय हे कळल्यावर बोट थांबलं.

मग तू डोळे मिटूनच म्हणालीस, "भावजीनू, तेंका सांगा, त्या चाकाक तेल घालू नको."

मी हसलो. तूही हसलीस. नऊ वर्षांत पहिल्यांदा आपण एका आवाजावर एकत्र हसलो. मला वाटलं, आता. मी खुर्ची पुढे ओढली. म्हणालो, "वैनी, त्या दिवशी टेम्पोत..."

तू डोळे उघडलेस आणि माझ्याकडे बघत राहिलीस. घाई नव्हती तुझ्या डोळ्यांत. मी पुढे बोलेन म्हणून तू थांबली होतीस.

अशा वेळी मधेच नर्स येते, फोन वाजतो, असं लोक सांगतात. कोणी आलं नाही, वैनी. काही वाजलं नाही. मीच म्हणालो, "चाय आणू?"

तू जरा वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "आणा."

मी खाली गेलो. कॅन्टीनमध्ये गर्दी नव्हती तरी मी वेळ काढला. परत आलो तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून झोपली होतीस, किंवा झोपली नव्हतीस. चहावर साय धरली. तो मीच प्यालो.

तीन आठवड्यांनी तू गेलीस, आपल्या घरीच, दुपारी, दादाचा हात धरून. मी कोल्हापुरात होतो. शिक्षकांच्या कार्यशाळेत 'भरती-सुकती' शिकवत होतो. फोन टेबलावर थरथरला तेव्हा मी हात वर करून सगळ्यांना सांगत होतो, "इथे पाणी थांबतं. आठ मात्रा कोणी हलायचं नाही." आणि सगळे खरंच हलले नाहीत. फोन तीनदा थरथरला. तिन्ही वेळा दादाच होता.

त्यानंतर मी एक प्रयत्न केला, तोही सांगतो. कोल्हापूरच्या संयोजकांना फोन केला आणि म्हणालो, "ती रचना माझी नाही. माझ्या वहिनीची आहे. त्या परवा गेल्या."

"सर, किती मोठं मन तुमचं!" ते म्हणाले.

"मोठं मन नाही हो. मी खरंच सांगतोय. मी फक्त नाव घातलं."

"हो सर, समजतंय. दुःखात असं वाटतं माणसाला. आणि शेवटी आपण तरी कोण, सगळं निसर्गाचंच ना?"

संध्याकाळी त्यांच्या ग्रुपवर निरोप आला. 'सरांनी आपलं सर्व श्रेय दिवंगत वहिनींच्या चरणी अर्पण केलं.' त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मी कबुली द्यायला गेलो होतो आणि आणखी एक शाल घेऊन परत आलो.

म्हणून हे छापायला देतो आहे, आणि कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून साध्या शब्दांत लिहितो. 'भरती-सुकती' ही रचना सत्यभामा हिची आहे. लग्नानंतर तिला आम्ही सुहासिनी म्हणत होतो. कल्पना तिची, त्यातला प्रत्येक आवाज तिने शोधलेला, आणि आठही बायकांना तिने बसवलेलं. माझ्या त्यात फक्त आठ मात्रा आहेत, आणि त्या चुकीच्या आहेत. गळतीखाली भांडीही तिने मांडली होती. मी सात महिने शिकलेला कायदा घोटत होतो.

हे वाचून तुझं काय होणार? काही नाही. तुला नाव नकोच होतं. तू विचारलं होतंस ते माझ्या नावाबद्दल. नऊ वर्षं तुझ्या हातचं जेवत असताना मी त्याचं उत्तर दिलं नाही, आणि आता छापून देतोय, हे मला माहीत आहे. तरी एक सांगू? तुझ्यामुळे मला ऐकू यायला लागलं, गो. ते मात्र माझ्याकडे खरं आहे. चोरलेल्या सगळ्या सामानात तेवढं एक तू स्वतः दिलेलं.

कालची गोष्ट सांगून थांबतो. मी फिलूबायकडे गेलो होतो. ह्या वेळी मोटरसायकल आवाज करत थेट तिच्या दारापुढच्या खळ्यापर्यंत नेली. तुझ्या आठ बायका होत्या, त्यांत तुझ्या जागी कोणी बसलं नव्हतं. खळ्यातल्या क्रुसापाशी मडकी ओळीने मांडली होती. मला बघून सगळ्या थांबल्या. मी टेम्पोतलं माझं बोलणं सगळ्यांच्या समोर काढलं. ते चुकीचं होतं, मला तेव्हाही माहीत होतं, असं म्हणालो.  एकीने पदराने तोंड पुसलं.

शेवटी फिलूबाय म्हणाली, "फोन आसा मां तुमच्याकडे? तो थय गाडीर ठेवन येवा."

मी ठेवून आलो.

"बसा."

मी जमिनीवर बसलो. आणि त्यांनी ते वाजवलं, वैनी. तू नऊ वर्षं मी नसताना जे रचत होतीस ते. कुंपणापलीकडून तुकड्या-तुकड्याने ऐकलेलं पहिल्यांदाच सलग. त्यात कोणती वस्तू कशी वाजली, कशामागून काय आलं, हे मी इथे लिहिणार नाही. एवढंच, की मध्यावर कुठेतरी मला आरोंद्याचं तुमचं घर दिसलं, जिथे मी आयुष्यात दोनदाच गेलो आहे. आणि मी रडलो. बायकांनी ते बघितलं आणि वाजवायचं थांबवलं नाही.

संपल्यावर मी विचारलं, "ह्येचा नाव काय?"

फिलूबाय घागर पुसत होती. "नाव नाय," ती म्हणाली. "ती म्हणा, नाव घातला की मगे तेच्या बाजूक कोणतरी आपला घालता."

 मी उठलो.

"जावा आता तुमी, मास्तरानू," फिलूबाय म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आमका अजून वायच बसवचा हा. तिच्या जाग्यार कोण ता ठरवचा हा."

मी गाडी ढकलत पाणंदीला लागलो. मागे त्यांनी पुन्हा सुरू केलं. कुंपणाची सावली होती, थांबलो असतो तर कोणाला दिसलो नसतो. वैनी, मी गाडी सुरू केली आणि निघून आलो.